हजेरीपटावर नाव नसलेलं वर्ष

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. वय पंचवीस, शिक्षण बी.कॉम. दोन वर्षं भंवरकुआंच्या क्लासला जाऊन सरकारी परीक्षा दिल्या, एकीतही निभाव लागला नाही. मग मध्य प्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजनेत नाव नोंदवलं आणि सांवेर रोडवरच्या तीस-पस्तीस माणसांच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर वर्षभर काम केलं. महिन्याला दहा हजार मिळायचे. अकराव्या महिन्यात साहेबांनी शेजारी एक खुर्ची ठेवली, तिच्यावर नवी मुलगी बसवली आणि सांगितलं, "हिला सगळं समजावून दे." हिनं समजावलं. कुठल्या पार्टीचं बिल कसं येतं, कुठे हमखास चूक होते, असं सगळं टिपून ठेवलेली आपली वहीसुद्धा देऊन टाकली. वर्ष संपलं, स्टायपेंड थांबला, "जागा निघाली की कळवू" असं उत्तर मिळालं. त्याला आता तीन महिने होतील.

घरात तीन मतं आहेत. आजोबा हुकूमचंद मिलमध्ये होते. त्या नोकरीचं काय झालं ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं, "खासगीत पाय ठेवू नकोस, परत परीक्षेला बस." भाऊजी म्हणतात, सरकारी कर्ज काढून पोळी-भाजी केंद्र टाक. आई काहीच म्हणत नाही, फक्त शेजारच्यांनी विचारलं की विषय बदलते. नाशिकची मामेबहीण महाराष्ट्रातल्या अशाच योजनेत अकरा महिने होती, तीही आता घरी आहे.

"ताई, या सरकारी योजनांमधून कुणाला कायमची नोकरी लागते का हो? की माझं वर्ष वाया गेलं? दुसऱ्या एखाद्या योजनेत नाव घालू का?"

*

ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र वाचताना मी त्या दुसऱ्या खुर्चीपाशी थांबले. आपल्या जागी येणाऱ्या मुलीला आपणच तयार करायचं, तेही मन लावून, वही-बिही देऊन. पत्रात तू त्या मुलीला एकदाही दोष दिलेला नाहीस, हे मला फार आवडलं. पण स्वतःला मात्र दिला आहेस. "मी कमी पडले असेन" असं दोनदा लिहिलंस. तिथूनच सुरुवात करू या, कारण ते खरं नाही आणि ते मी तुला हिशेबानं दाखवू शकते. तू हिशेबातली आहेस, पटकन कळेल.

योजनेच्या नियमानुसार पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये. त्यातले 75 टक्के राज्य सरकार थेट तुझ्या खात्यात टाकतं, उरलेले 25 टक्के कारखाना देतो. म्हणजे तुझ्या दिवसभराच्या कामाचे कारखान्याच्या खिशातून महिन्याला 2,500 रुपये गेले. वर्षाचे तीस हजार. आता समज, त्यांनी तुला 14,000 वर नोकरीत घेतलं असतं, तर पीएफचा त्यांचा वाटा धरून वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर खर्च आला असता. एका बाजूला तीस हजार आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीस हजारांतच नवी मुलगी. दुसऱ्या बाजूला पावणेदोन लाख. साहेबांनी त्या दिवशी खुर्ची ठेवली ती या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठेवली. तू टॅली, म्हणजे ते हिशेबाचं सॉफ्टवेअर, किती चांगलं चालवतेस हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही.

साहेब वाईट आहेत असंही मला म्हणायचं नाही. कारखान्याकडे ऑर्डरी वाढल्या, एका माणसाला काम आवरेना, की मालक माणूस घेतो. योजना माणूस स्वस्त करू शकते, ऑर्डर आणू शकत नाही. काम तेवढंच असेल तर स्वस्त माणूस आला म्हणून जागा वाढत नाही, फक्त जागेवरचा माणूस बदलतो. मग एकाला मिळालेलं दुसऱ्याच्या वाट्याचं असतं. तुझ्या बाबतीत दोन्ही बाजूंनी झालं बघ. तू तिथे गेलीस तेव्हा तुझ्या आधी त्या टेबलावर कुणी होतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. असावं, असं मला वाटतं.

आता तुझा मुख्य प्रश्न. या योजनांतून कायमची नोकरी लागते का?

काहींना लागते. जाहिरातींवरून वाटतं त्यापेक्षा पुष्कळच कमी जणांना. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 मध्ये विकसनशील देशांतल्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र मांडले. प्रशिक्षण मिळालेल्या दर शंभर जणांमागे योजनेमुळे म्हणून जादा नोकरीला लागलेले सरासरी दोन-तीनच निघाले. बाकीच्यांपैकी ज्यांना लागली, त्यांना योजना नसती तरी लागलीच असती. हे वाचून खचू नकोस, कारण दुसरीही बाजू आहे. पुढे 2021 साली ज्यांना नोबेल मिळालं त्या डेव्हिड कार्ड यांनी दोघा सहकाऱ्यांबरोबर देशोदेशीचे दोनशेहून अधिक अभ्यास तपासले होते. प्रशिक्षणाचा परिणाम पहिल्या वर्षात जवळपास दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी दिसायला लागतो, आणि बायकांच्या बाबतीत तो जास्त असतो, असं त्यांना आढळलं. तुझे तीन महिनेच झालेत. तीन महिन्यांवर वर्षाचा निकाल लावू नकोस.

मुळात प्रत्येक योजनेचा हेतू वेगळा असतो आणि तिच्याकडून आपण मागतो भलतंच. महाराष्ट्रातली रोजगार हमी घे. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती उभी केली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 च्या देशभरच्या कायद्याला तिचाच आधार मिळाला. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या बाईला पुढे कायमची नोकरी लागेल असं पाग्यांनी कधी म्हटलं नव्हतं. मागेल त्याला काम, आठवड्याचा पगार, घरात चूल पेटावी, एवढंच ते वचन होतं, आणि कितीतरी घरांत ते पाळलं गेलं. आपल्याकडे मध्य प्रदेशात 2019 मध्ये शहरातल्या मुलांसाठी वर्षाला 100 दिवस काम आणि महिना 4,000 रुपये अशी युवा स्वाभिमान योजना आली होती. ती तर नोकरी म्हणून मोजताच येत नाही. तुझी योजना शिकवण्याची. नावातच "सीखो" आधी आहे. नाशिकच्या मामेबहिणीचीही तशीच. तिथे आधी सहा महिने होते, मग मुदत वाढवून अकरा केले, आणि कायम करा म्हणून मुलं आंदोलनाला बसली. त्या मुलांचं दुःख खरं आहे. रोज दहा ते सहा खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण "प्रशिक्षणार्थी" आहोत हे आतून कसं पटावं? कामाच्या जागी काम होतं, साहेब होते, डबा खायला मैत्रिणी होत्या. नव्हती ती फक्त नोकरी.

म्हणून "वर्ष वाया गेलं का" याचं उत्तर त्या वर्षातून तू बाहेर काय आणलंस यावर आहे. आणि इथे मला तुझ्या बाबांच्या बोलण्याकडे वळायचंय.

हुकूमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची 224 कोटींची देणी मार्गी लागायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षं. तोवर कितीतरी जण गेले, मग त्यांच्या बायकांनी, मुलांनी रांगा लावल्या. तुझ्या घरात हे सगळं घडलंय, तेव्हा बाबांची खासगी नोकरीबद्दलची धास्ती मी खोटी कशी म्हणू? पण त्याच गोष्टीत आणखी काहीतरी आहे, ते बाबांना एकदा शांतपणे विचार. मिल गेली, यंत्रं गेली, तरी हक्क का टिकला? कारण आजोबांचं नाव मिलच्या हजेरीपटावर होतं. पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळ्याची कुठेतरी नोंद होती. बत्तीस वर्षांनी विधवा बाईसुद्धा सांगू शकली, माझा माणूस इथे होता.

तुझं नाव त्या कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हतं. माझ्या मते तुझी खरी अडचण हीच आहे. तू काम केलंस, शिकलीस, पण सांवेर रोडच्या त्या गेटबाहेर ते कुणाला दिसत नाही.

ते दिसेल असं करायचं, हे पहिलं काम. युगांडात एक मोठा प्रयोग झाला होता. काही तरुणांना कारखान्यात ठेवून शिकवलं, काहींना प्रशिक्षण संस्थेत. सुरुवातीला दोघांनाही सारखाच फायदा झाला. काही वर्षांनी मात्र संस्थेत शिकलेले पुढे गेले आणि कारखान्यात शिकलेल्यांचा फायदा ओसरला. कारण संस्थेनं दिलेलं प्रमाणपत्र घेऊन एक काम सुटलं तरी दुसऱ्या दारात जाता येत होतं. कारखान्यात शिकलेलं मालकाच्या डोळ्यांपुरतंच राहिलं. तेव्हा तुझ्या योजनेतलं परीक्षेनंतर मिळणारं राज्य व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं प्रमाणपत्र हातात आलंय का ते आधी सांग. पत्रात त्याचा उल्लेख नाही. परीक्षा राहिली असेल तर पोर्टलवर बघ, आणि तिथे कळलं नाही तर पोलोग्राउंडच्या रोजगार कार्यालयात जाऊन समोर बसून विचार. फोनवर ही कामं होत नाहीत.

दुसरं, साहेबांकडून पत्र घे. हो, त्याच साहेबांकडून. तुला अपमान वाटेल, मला ठाऊक आहे. पण दक्षिण आफ्रिकेत एका अभ्यासात अर्जासोबत आधीच्या मालकाचं शिफारसपत्र जोडून पाहिलं, तर मुलाखतीचे बोलावणे साठ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः मुलींमुळे झाली. "मेहनती आणि प्रामाणिक आहे" असलं पत्र नको, ते सगळ्यांनाच मिळतं. मसुदा तूच करून ने. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. महिन्याला सुमारे किती पर्चेस बिलं टॅलीत चढवली. माल पाठवताना लागणारी ऑनलाइन ई-वे बिलं काढली. जीएसटी रिटर्नसाठी माहिती जुळवली. बँकेचं स्टेटमेंट जुळवलं. नव्या व्यक्तीला शिकवलं. ही शेवटची ओळ अजिबात गाळू नकोस. ज्या गोष्टीनं तुला सगळ्यात जास्त दुखावलं, तीच मुलाखत घेणाऱ्याला सगळ्यात जास्त सांगेल. कारखान्याच्या लेटरहेडवर सही-शिक्का, खाली फोन नंबर. साहेबांना यात एक रुपया खर्च नाही. वर्षभर अडीच हजारांत काम करून घेतलेल्या माणसाला मुलीसाठी एवढं करावंसं वाटेल, असा माझा विश्वास आहे. "जागा निघाली की कळवू" म्हणणारी माणसं पुष्कळदा मनातून ओशाळलेली असतात.

मग नोकरी शोधताना कुठे शोधायची? आता नव्या योजनेत शिरू नकोस, हे माझं स्पष्ट मत. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना 2024 मध्ये आली ती 21 ते 24 वयासाठी. आणि तू तिच्यात बसलीस तरी स्टायपेंडवर आणखी काही महिने शिकाऊ राहण्यात तुझं काय वाढणार? शिकणं झालंय. आता हजेरीपट हवा.

पण एक योजना अशी आहे जिच्यात तुला "नाव घालायचं" नसतं, नोकरी धरली की ती मागून येते. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात जो पहिल्यांदाच पीएफच्या नोकरीला लागेल आणि ज्याचा पगार महिना एक लाखापर्यंत असेल, त्याला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त 15,000 रुपये मिळतात. सहा महिने टिकलीस की पहिला हप्ता. बारा महिने टिकून पैशाच्या नियोजनाचा छोटा अभ्यासक्रम केलास की दुसरा. तू कारखान्यात स्टायपेंडवर होतीस, पीएफ कापला गेला नसेल, तर तू अजून "पहिल्यांदाच" याच गटात आहेस. वाया गेलं म्हणतेस त्या वर्षानं निदान हे तरी शाबूत ठेवलं. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा असतो, तो आधी तयार ठेव.

मालकालाही यात मिळतं, आणि मुलाखतीत हे सांगायला लाजू नकोस. दहा ते वीस हजार पगाराच्या जादा माणसामागे दोन वर्षं महिन्याला 2,000 पर्यंत. वीसच्या वर पगार असेल तर 3,000 पर्यंत. कारखानदारीत ही मदत तिसऱ्या-चौथ्या वर्षीही चालू राहते. अट अशी, की माणूस सहा महिने टिकला पाहिजे आणि माणसं खरोखर वाढली पाहिजेत. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर निदान दोन, पन्नास किंवा जास्त असतील तर निदान पाच. तुझ्या योजनेत दरवर्षी माणूस बदलण्यात मालकाचा फायदा होता, इथे टिकवण्यात आहे. म्हणून माझा या योजनेवर थोडा जास्त भरवसा आहे. थोडाच. ऑर्डर नसेल तर तीन हजारांसाठी कुणी खुर्ची वाढवत नाही, हे वर लिहिलंच.

शोध मोठ्या नावांपासून सुरू करू नकोस. पीथमपूरच्या मोठ्या कंपन्यांत हिशेबाची कामं बहुधा ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. त्यापेक्षा सीए मंडळींची ऑफिसं बघ. रिटर्न भरायच्या दिवसांत त्यांना माणूस लागतोच, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या पन्नास दुकानदार-कारखानदारांपैकी कुणाला अकाउंटंट हवाय हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं. पगार सुरुवातीला दहा-बाराच सांगतील. पीएफ आहे का, हा प्रश्न पगाराच्या आकड्याइतकाच ठामपणे विचार. वीसपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी पीएफ सहसा नसतो, तेव्हा निदान नेमणुकीचं पत्र आणि बँकेत पगार एवढं तरी मागून घे.

भाऊजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के अनुदान आहे, स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात. पण अनुदान हातात येत नाही. बँकेत तुझ्या नावानं तीन वर्षं बाजूला ठेवलेलं असतं आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळतं होतं. हप्ते मात्र सुरुवातीची थोडी सवलत संपली की सुरू. सहा लाखांचं केंद्र टाकलंस तर तीस हजार तुझे, दीड लाख ते अडकलेले, आणि बाकीच्याची परतफेड पोळ्या विकून. चांगल्या चालणाऱ्या पोळी-भाजी केंद्राबद्दल मला आदर आहे, लोकमान्य नगरात गिऱ्हाईकही मिळेल. पण तुझ्या चार पानी पत्रात स्वयंपाकाची एकही ओळ नाही, आणि ई-वे बिलाच्या चुकांवर अर्धं पान आहे. भाऊजींना हे अर्धं पान वाचून दाखव.

बाबांसाठी म्हणशील तर परीक्षा सोडू नकोस, पण भंवरकुआंला पूर्ण वेळ परत जाऊ नकोस. बँकेच्या लिपिक परीक्षेला 28 वर्षांपर्यंत बसता येतं, बी.कॉम.चा उपयोगही तिथे आहे. दोन प्रयत्न ठरव, नोकरी करत करत दे, आणि तारीख घरात बोलून टाक. बाबांना धास्ती रिकाम्या बसण्याची जास्त आहे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. आणि आईशी बोल. ती विषय बदलते ती तुझी लाज वाटते म्हणून नाही गं. शेजारणीला काय शब्दांत सांगावं हे तिला कळत नाही. तिला वाक्य तूच दे: "हिशेबाचं एक वर्षाचं प्रशिक्षण झालंय, आता नोकरी बघतेय."

तुझ्यासारखी बरीच पत्रं येतात, म्हणून योजनेत शिरण्याच्या तयारीत असलेल्यांसाठीही लिहिते. जाण्याआधी त्या ठिकाणी एकच चौकशी करा: गेल्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत? दोघा-तिघांची नावं सांगता आली आणि त्यातलं एखादं तिथेच पगारावर असलं तर खुशाल जा. नुसतं "बघू, काम चांगलं केलं तर" असं उत्तर आलं तरी जायला हरकत नाही, पण शिकायला जातोय हे घरात सगळ्यांना सांगून जा. आठव्या-नवव्या महिन्यापासूनच बाहेर अर्ज टाका, स्टायपेंड चालू असताना. खिशात दहा हजार असलेला माणूस मुलाखतीत वेगळा बसतो. आणि रोज काय केलं ते तारीख घालून लिहा.

तुझ्याकडे तशी वही होती. ती दिलीस याचं मला वाईट वाटत नाही, पण तिची झेरॉक्स हवी होती. पत्रासाठी कारखान्यात जाशील तेव्हा त्या मुलीकडून वही तासभर मागून घे. कारखान्याचे आकडे आणि पार्ट्यांची नावं तिथेच राहू देत, तू कुठलं काम कसं करायला शिकलीस तेवढं उतरवून घे. आणि तिच्याही हातात एक कागद दे: प्रमाणपत्राची परीक्षा कधी, साहेबांकडून पत्र कधी मागायचं, बाहेर अर्ज कधीपासून. तिचा कितवा महिना चालू आहे? पाचवा असेल. तिच्याकडे अजून सात आहेत.